फेरफाराची नक्कल आणि माझा दहा रुपयांचा अर्ज

आमच्या केळीच्या शेताच्या जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल हवी होती. कार्यालयात चार चकरा झाल्या, दर वेळी "साहेब दौऱ्यावर". मग माहिती अधिकाराचा अर्ज केला.

आधी फोन शोधा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर दूरध्वनी यादी असते. जळगावचा कोड ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४. फोनवर एवढंच विचारा: जनमाहिती अधिकारी (माहितीचे अर्ज घेऊन उत्तर देणारा) कोण? नाव-पद सांगणं त्यांचं कामच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते जाहीर करावंच लागतं.

अर्ज मराठीत, विषय एकच. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. "माहिती द्या" असं मोघम लिहू नका. गाव, गट नंबर, फेरफार क्रमांक, साल लिहा आणि "साक्षांकित प्रत" मागा. कारण सांगायची गरज नाही, कोणी विचारलं तरी.

पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, माय-बहिणींनो! तारीख आणि शिक्का दोन्ही. माहिती द्यायची ३० दिवसांची मुदत त्याच तारखेपासून मोजायची. मुदत उलटली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, आणि उशिरा दिलेल्या प्रतींचे पैसे देऊ नका.

माझी नक्कल सत्ताविसाव्या दिवशी आली.