एनएचएल (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) प्लेयरचे कोविडवाले आकडे कसे वाचायचे
२०१९-२० आणि २०२०-२१ चे नुसते टोटल पॉइंट (स्वतःचे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) बघून कुणाला फ्लॉप ठरवू नका प्लीज. १२ मार्च २०२० ला लीग थांबली तेव्हा टीम्सच्या ६८ ते ७१ मॅच झालेल्या, पुढचा सीझन तर ५६ मॅचचाच, त्यामुळे आधी पॉइंट भागिले मॅच करा. एडमंटनच्या कॉनर मॅकडेविडने त्या ५६ मध्ये १०५ काढले, म्हणजे नेहमीच्या ८२ मॅचच्या हिशोबाने १५४ च्या आसपास, अफाट माणूस आहे!

मग समोर कोण होतं ते बघा, २०२०-२१ मध्ये बॉर्डर बंद म्हणून कॅनडाच्या सातही टीम्स रेग्युलर सीझनभर आपापसातच खेळल्या, त्यांची तुलना आधी एकमेकांशीच करा. पॉवर प्लेचे (समोरचा प्लेयर पेनल्टीमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट वेगळे काढा. गोलीला (गोलकीपरला) मात्र एवढ्याशा मॅचवर अजिबात जोखू नका, आधीनंतरचे दोन-तीन सीझन जोडून सेव्ह पर्सेंटेज (अडवलेल्या शॉट्सचं प्रमाण) बघा.