'पहा'च्या खुणेमागे जाताना : दीदरोच्या कोशातून ज्ञानोदय कसा वाचावा

मराठीत 'प्रबोधन' हा एकच शब्द युरोपातल्या रेनेसान्स आणि एन्लाइटनमेंट या दोन वेगळ्या कालखंडांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. म्हणून अठराव्या शतकातील विचारप्रवाहाला येथे 'ज्ञानोदय' म्हटले आहे. त्याची ओळख करून घेण्यासाठी बहुतेक वाचक एखादा सारांशवजा इतिहास हाती घेतात आणि विवेक, स्वातंत्र्य, सहिष्णुता अशा चार-पाच शब्दांवर त्यांची बोळवण होते. त्यापेक्षा देनी दीदरो हा फ्रेंच विचारवंत आणि दालांबेर हा गणिती यांनी १७५१ पासून पॅरिसमध्ये प्रसिद्ध करायला घेतलेला 'आंसिक्लोपेदी' हा कोश उघडावा. मजकुराचे १७ खंड, चित्रांचे ११ खंड आणि सुमारे ७२ हजार नोंदी एवढा त्याचा पसारा असल्याने तो पहिल्या पानापासून वाचण्याच्या फंदात पडू नये. शिकागो विद्यापीठाने मूळ फ्रेंच मजकूर इंटरनेटवर खुला केला आहे आणि निवडक नोंदींचे इंग्रजी अनुवाद मिशिगन विद्यापीठाच्या प्रकल्पात मिळतात, तेवढे साहित्य सुरुवातीला पुरते.

पहिल्या खंडाच्या आरंभीचा ज्ञानवृक्षाचा तक्ता आधी पाहावा. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या धर्तीवर सर्व ज्ञान स्मृती, बुद्धी आणि कल्पना या तीन शक्तींखाली मांडलेले आहे. त्यात ईश्वरविद्या कोठे ठेवली आहे ते शोधावे. ती बुद्धीच्या फांदीवर आहे आणि भविष्यकथन व काळी जादू यांच्या अगदी शेजारी आहे. त्या काळच्या धर्मपंडिताला हा शेजार किती खुपला असेल, याची कल्पना हा तक्ता पाहिल्यावरच येते.

त्यानंतरचे खरे काम म्हणजे नोंदींच्या शेवटी असलेल्या 'पहा'च्या खुणांचा माग काढणे. आपल्या मराठी विश्वकोशातही बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीकडे पाठवलेले असते, परंतु तेथे ती निव्वळ सोय असते. दीदरोच्या हाती ती हत्यार झाली. 'कोर्देलिए' या फ्रान्सिस्कन भिक्षूंवरील नोंदीत त्यांची स्तुती आहे, मात्र तेथून वाचकाला 'टोपडे' या नोंदीकडे पाठवले आहे. तेथे गेल्यावर कळते की, अंगरख्याच्या टोपड्याचा आकार कसा असावा यावरून हेच भिक्षू दीर्घकाळ भांडत राहिले आणि ते भांडण मिटवायला पोपना आदेश काढावे लागले. स्तुती जागच्या जागी राहते आणि तिच्यातली हवा मात्र दुसऱ्या खंडात निघून जाते. हे योगायोगाने घडले नव्हते, कारण १७५५ च्या पाचव्या खंडात 'आंसिक्लोपेदी' याच शीर्षकाच्या नोंदीत दीदरोने ही युक्ती उघडपणे सांगितली आहे आणि उदाहरणही हेच दिले आहे.

यासाठी वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे मूळ नोंद काय म्हणते ते लिहावे आणि उजवीकडे तिने ज्या नोंदीकडे बोट दाखवले ती काय म्हणते ते लिहावे. दोन्हींत विसंगती दिसली की थांबून विचार करावा. मात्र प्रत्येक खुणेत खोच शोधण्याचा अट्टहास नसावा. नरभक्षकांवरील नोंदीतून ख्रिस्ती प्रसादविधीकडे (येशूचे शरीर व रक्त मानून भाकरी व द्राक्षरस घेण्याच्या विधीकडे) पाठवल्याचे उदाहरण सगळीकडे चवीने सांगितले जाते, पण ती नोंद एका धर्मनिष्ठ पाद्र्याची आहे. ख्रिस्ती लोक नरमांस खातात असा आरोप जुन्या मूर्तिपूजकांनी त्या विधीविषयीच्या गैरसमजातून केला होता, असे तो सांगतो. म्हणजे ती खूण सरळही असू शकते.

म्हणूनच नोंद कोणाची आहे हे आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी. संपादक या नात्याने दीदरोने लिहिलेल्या नोंदींवर तारका असते, दालांबेरच्या नोंदींखाली 'ओ' हे अक्षर असते आणि 'डी. जे.' म्हणजे लुई द जोकूर. या शांत, चिकाटीच्या माणसाने एकट्याने सुमारे १७ हजार नोंदी लिहिल्या, आणि तरीही त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही हे मला नेहमीच अन्यायाचे वाटते.

खंडाचा क्रमांकही तपासावा. पहिले सात खंड राजाच्या परवान्याने निघाले. १७५९ मध्ये परवाना रद्द झाला आणि पोपच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कोशाची भर पडली. त्यामुळे आठव्यापासून सतराव्यापर्यंतचे खंड आजच्या स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावाचे खोटे नाव छापून बाहेर आले. शिवाय मुद्रक ल ब्रताँ याने धास्तीने या खंडांतील धारदार मजकूर परस्पर छाटला होता, हे दीदरोला १७६४ मध्ये कळले. पहिल्या खंडातील 'राजकीय सत्ता' ही नोंद, इतरांवर हुकूम चालवण्याचा अधिकार निसर्गाने कोणत्याही माणसाला दिलेला नाही, अशा वाक्याने सुरू होते. ती वाचून झाल्यावर शेवटच्या खंडांतील एखादी राजकीय नोंद बोथट वाटली, तर दोष लेखकाचा असेलच असे नाही.

समाजावरील परिणाम पाहायचा असेल, तर तत्त्वज्ञानाच्या नोंदी बाजूला ठेवून 'टाचणी' ही नोंद काढावी. पितळेची तार ओढण्यापासून ती कापणे, टोक काढणे, डोके बसवणे, कल्हई करणे आणि शेवटी टाचण्या कागदात खोचणे येथवर १८ कृती तीत क्रमाने सांगितल्या आहेत. कारागिराच्या हातातील कसब ईश्वरविद्येच्या बरोबरीने एकाच कोशात छापणे हीच त्या काळी मोठी उलथापालथ होती. पुढे १७७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने श्रमविभागणी समजावताना टाचण्यांचाच कारखाना निवडला आणि कृतीही १८ च मोजल्या.

सर्वांत शेवटी वसाहतींमधील गुलामांवरील अकराव्या खंडातील नोंद आणि जोकूरची सोळाव्या खंडातील गुलामांच्या व्यापारावरील नोंद शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. पहिलीत मळ्यांसाठी माणसे कोठून आणावीत आणि त्यांच्याकडून काम कसे घ्यावे याचा थंड हिशेब आहे. दुसरीत हा व्यापार धर्म, नीती आणि मानवी हक्क या सर्वांच्या विरुद्ध असल्याचे ठणकावून सांगितले आहे. या दोन नोंदींना जोडणारी दीदरोची एखादी खोचक खूण शोधत बसू नये. दोन्ही मते एकाच कोशात आणि एकाच वर्गणीत घरपोच मिळत होती. ज्ञानोदयाने गुलामगिरी संपवली असे लिहिणाऱ्यांना पहिली नोंद दाखवावी, आणि त्याने तिला केवळ खतपाणी घातले असे म्हणणाऱ्यांना दुसरी.