साध्या इंजिनाला टर्बो लावताय? या चुका टाळा

‘नवा टर्बो बसवला, तरी गाडी निळा धूर टाकते. टर्बोच खराब निघाला का?’ हे विचारायला कोणी आलं की मी आधी गाडीखाली शिरतो आणि तेलाचा परतीचा पाइप बघतो.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्याच्या बेअरिंगला तेल दाबाने येतं, पण बाहेर पडताना तो दाब उरत नाही. फेसाळलेलं तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, बस. मी हे एका गाडीवर चांगलंच शिकलो. त्या गाडीचे दोन टर्बो बदलले, धूर तसाच. तिसऱ्यांदा टॉर्च घेऊन नीट बघितलं, तर परतीचा पाइप एका आडव्या पट्टीखालून वळसा घेऊन पुन्हा वर चढला होता आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) तेलाच्या पातळीखाली जोडला होता. तेल तुंबायचं आणि सीलवरून सायलेन्सरमध्ये जायचं. टर्बोचे सील साचलेलं तेल अडवायला बनवलेलेच नसतात. चेंबर उतरवलं, वरच्या अंगाला नवीन तोंड वेल्ड केलं, 16 मिमी आतल्या व्यासाचा पाइप सरळ खाली सोडला. सायलेन्सरमधलं जुनं तेल जळून गेलं आणि धूर थांबला. चेंबर उतरवायचा कंटाळा करून आहे त्या जागी पाइप जोडणारे अजूनही भेटतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

दुसरी चूक इंजिनच संपवते. 0.5 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे जवळपास दीडपट हवा, आणि पेट्रोल मात्र कंपनीच्याच इंजेक्टरमधून! त्यात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 10 किंवा 11 आणि ठिणगीचं टायमिंग जुनंच. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टन दोन रिंगांच्या मधे तुटतो. असा एक पिस्टन मी जपून ठेवलाय. नखाएवढा तुकडा गेलाय. त्याच सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे चंदेरी कण चिकटले होते. 1962 च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरचं कॉम्प्रेशन 10.25 होतं. टर्बोसोबत नॉकिंग रोखायला खुद्द कंपनीला पाणी आणि मिथेनॉल फवारावं लागलं. मग आपण नुसता टर्बो अडकवून कसं चालेल?

माझी सवय अशी: वाइडबँड मीटर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) आधी, टर्बो नंतर. मोठे इंजेक्टर, पंप आणि ट्यूनिंग झाल्याशिवाय बूस्ट द्यायचा नाही. सुरुवातीला 0.3 बार पुरे. डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण बूस्टला या मीटरचा आकडा 11.5 ते 12 च्या आसपास हवा. 12.5 च्या वर सरकला की त्याच क्षणी पाय उचलायचा. ‘एकदा बघू तर पिकअप’ म्हणणाऱ्याला मी चावी देत नाही.

बाकीचं थोडक्यात. मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बहुधा बूस्ट वाचतच नाही, तो बदला. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या, गॅप 0.6 ते 0.7 मिमी. वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) होज निसटला तर बूस्ट चढतच जातो, म्हणून क्लिप लावाच. पीसीव्हीच्या (चेंबरमधली वाफ पुन्हा इंजिनात ओढणाऱ्या) होजमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह नसेल तर बूस्ट चेंबरमध्ये शिरतो आणि डिपस्टिक वर येते. आणि काम हातात घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावू नका.

पहिल्या स्टार्टला टर्बोला तेल जिथून येतं त्या तोंडात तेल ओता, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. त्यानंतरच इंजिन चालू करा.