मर्लो उघडताय? या चुका टाळा

'मर्लो पाणचट असते' आणि 'मर्लो घशाला जाळते', या रेड वाइनबद्दलची ही दोन्ही वाक्यं मला सारखी ऐकू येतात, कधीकधी एकाच माणसाकडून. बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतो, ती वाढणाऱ्याचा असतो.

आधी तिचा स्वभाव. मर्लो हे फ्रान्समधल्या बोर्दोचं द्राक्ष. तिथे दोर्दोन्य नदीच्या उजव्या अंगाला, सांतेमिलियों आणि पोमरोलच्या चिकणमातीत ते रमतं. काबर्ने सोविन्यों या तिथल्याच दुसऱ्या द्राक्षापेक्षा लवकर पिकतं, साल पातळ, त्यामुळे तोंड आवळून धरणारं टॅनिन मवाळ. चव आलुबुखार आणि काळ्या चेरीची, ओकच्या पिंपात राहिली तर व्हॅनिला-चॉकलेटची झाक. अल्कोहोल मात्र साधारण १३ ते १४.५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात मोठी चूक: 'रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची.' अहो, कुठल्या रूमच्या? हा नियम थंड देशातल्या, हीटर नसलेल्या जुन्या घरांचा. तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. पुण्यातला मे महिन्यातला हॉल नव्हे.

एका मित्राच्या मेव्हण्याने विमानतळावरून सांतेमिलियोंची बाटली आणली होती. ती टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये उभी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. भर मे महिन्यात उघडली, आणि सोबत काय? तांबडा रस्सा! पहिल्या घोटाला यजमान म्हणाले, "फ्रेंच म्हणे! खोकल्याचं औषध बरं." चुकीचं बोलले नाहीत. कोमट वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतो, फळ मागे राहतं. वर मिरची. तिच्यातलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल दोघंही जिभेवरच्या एकाच जागी आग लावतात. टॅनिन कडू लागतं आणि आलुबुखार गायब होतं.

मी बाटली उचलली, बादलीत बर्फ आणि पाणी घालून त्यात बुडवली. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, तरच बाटली सगळीकडून गार होते. पंधरा मिनिटांनी तीच वाइन रश्श्याऐवजी अळणी मटणाबरोबर दिली. यजमान म्हणाले, "ही दुसरी बाटली आधी का नाही काढलीस?"

माझी सवय सांगतो: उन्हाळ्यात बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये, प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर. थर्मामीटर वगैरे मी वापरत नाही, बाटलीला हात लावला की माठासारखी गार लागली पाहिजे. घाई असलेले लोक ग्लासातच बर्फ टाकतात. त्यांनी सरळ सरबत करावं.

जेवणाचं म्हणाल तर 'लाल मांसाला रेड' एवढ्यावर भागत नाही. मर्लोला मऊ, तुपकट, कमी तिखट पदार्थ मानवतात: भाजलेली कोंबडी, बदक, मिरपुडीतलं सुकं मटण, मशरूम, टोमॅटो सॉसचा पास्ता, चेडर किंवा गौडा चीज. दाण्याच्या कुटातली भरली वांगीसुद्धा छान जातात, तिखट निम्मं करायची तयारी असेल तर. विंदालू नको, मिरची आणि व्हिनेगर दोन्ही तिचे वैरी. बांगडा तर अजिबात नको: माशाच्या तेलाशी रेड वाइनमधलं लोह भिडलं की तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं होतं.

गुलाबजामाबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, मर्लो आंबट लागते. लागणारच.

'जुनी तितकी चांगली' म्हणून साधी मर्लो कपाटात दडवणारेही आहेत. पोमरोलची नावाजलेली बाटली दशकं टिकते, ती गोष्ट वेगळी. हजार-दीड हजाराची वाइन दोन-चार वर्षांत संपवायची असते, आणि आपल्या उकाड्यात कपाटात तर त्याहून लवकर. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीनेक दिवसांत संपवा. नंतर उरली तर मटणाच्या स्ट्यूत घाला.

चिलीची मर्लो कधी 'हिरवी', मिरचीच्या देठासारखी लागली तर लगेच खराब म्हणू नका. १९९४ मध्ये कळलं, की तिथल्या मर्लोच्या बागांमधल्या बऱ्याच वेली मुळात कार्मेनेर या दुसऱ्या, तशाच हिरव्या चवीच्या द्राक्षाच्या होत्या. अनेक वर्षं खुद्द बागायतदारच फसले होते.

आणि ग्लास काठोकाठ भरू नका. वास घ्यायला जागा लागते.