पहिला कॉम्प्युटर असेंबल करताय? अभ्यास आणि थोडं गेमिंग दोन्ही होईल असे पार्ट कसे निवडायचे

भाचीला दहावीच्या आधी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून भाऊ सोलापुरातल्या नवी पेठेत जाऊन कोटेशन घेऊन आला. कागदावर एवढंच होतं, "आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग कॅबिनेट", आणि खाली रक्कम. आय५ कितव्या जनरेशनचा, रॅम कुठली, एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, कुठल्या कंपनीचा, काहीच नाही. मी दुकानात फोन लावून विचारलं तेव्हा कळलं की थर्ड जनरेशन, म्हणजे २०१२ चा प्रोसेसर. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलचा असला तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. भावानं भिशीचे पैसे काढले होते, पोरगी दोन वर्षं वाट बघत होती, आणि घरात येणार होतं ते दहा वर्षांहून जुनं सामान. मला लई वाईट वाटलं. मग मी आणि भाची, दोघींनी बसून एकेक पार्ट निवडला, तसाच क्रमानं सांगते.

आधी वही घ्या

एका बाजूला अभ्यासाचं लिहा, दुसऱ्या बाजूला गेमची नावं. "गेमिंग" असं नुसतं नको, नावं पाहिजेत. भाचीच्या वहीत वर्ड, पीपीटी, पायथन, स्क्रॅच, ऑनलाइन क्लास आणि सुट्टीत एमएस-सीआयटी असं होतं, आणि गेममध्ये माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट आणि तिच्या भावासाठी जीटीए ५. अभ्यासाची बाजू कुठल्याही बऱ्या नव्या प्रोसेसरवर आरामात चालते, खरी निवड गेमच्या नावांवरनं ठरते. आणि ही तिन्ही नावं अशी आहेत की त्यांना पहिल्याच दिवशी वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. बजेट ३०-४० हजाराचं असलं तर माझं म्हणणं एवढंच आहे की कार्डाचे पैसे आता वाचवा आणि ते प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएसमध्ये घाला. कार्ड दोन वर्षांनी कधीही बसवता येतंय, हलका एसएमपीएस मात्र बाकी सगळ्याला घेऊन जातो.

प्रोसेसर

आपल्याकडं दुकानात "सीपीयू" म्हटलं की अख्खा डबा समजतात, म्हणून बोलताना प्रोसेसर म्हणा आणि पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट सांगा, कारण सगळी मेख त्या अक्षरात आहे. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, यातल्या "जी"चा अर्थ आत ग्राफिक्स आहे. ६ कोर, १२ थ्रेड, व्हेगा ७ ग्राफिक्स, सोबत कूलर बॉक्समध्येच येतो. नुसता ५६०० किंवा ५५०० घेतला तर कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. इंटेलमध्ये उलटं, आय३ १२१०० मध्ये ग्राफिक्स आहे आणि १२१००एफ मध्ये नाही, आणि एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून माणूस नेमका तोच उचलतो आणि घरी येऊन काळ्या स्क्रीनकडं बघत बसतो.

दोन्हीपैकी कुठला? कार्ड लवकर घेणार नसाल तर ५६००जी, त्याचं आतलं ग्राफिक्स १२१०० च्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच पुढं आहे. व्हॅलोरंट लो सेटिंगवर मस्त पळतो, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून नीट खेळता येतो. वर्षभरात कार्ड नक्की येणार असेल तर १२१०० चा विचार करा, कार्डाशी त्याचं जास्त चांगलं जमतं, ५६००जी मध्ये कार्ड जोडायचा रस्ता जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३ चाच आहे.

आणि एक, जीटी ७१० किंवा जीटी ७३० हे कार्ड "२ जीबी", "४ जीबी" असं सांगून गळ्यात मारतात. ५६००जीच्या आतलं ग्राफिक्स त्यांच्यापेक्षा जोरात आहे. घेऊ नका.

मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच ठरवा

५६००जी ला एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड, म्हणजे ए५२० किंवा बी५५०, रॅम डीडीआर४. १२१०० ला एच६१० चालतो, पण त्यात डीडीआर४ वाला वेगळा आणि डीडीआर५ वाला वेगळा येतो, रॅमची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळं एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बी४५० स्वस्तात मिळाला तर त्याचं बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) ५६००जी साठी अपडेट केलेलं आहे का ते दुकानातच चालू करून बघा.

आता रॅम, इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधनंच घेतं. १६ जीबीची एकच पट्टी लावली की एकच रस्ता चालू राहतो, ८-८ च्या दोन लावल्या की दोन. डीडीआर४ ३२०० चा हिशोब केला तर एका पट्टीला सेकंदाला २५.६ जीबी, दोघींना मिळून ५१.२. पैसे जवळपास तेवढेच आणि गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळं दुकानदार "आता एक घ्या, दुसरी नंतर टाकू" म्हणतो, पण खिशाला जमत नसेल तर ४-४ च्या दोन घेऊ नका, ८ ची एक घ्या आणि तसलीच दुसरी जमेल तेव्हा लावा. अभ्यास तोवर अडत नाही.

एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), नावाजलेल्या कंपनीची. हार्ड डिस्कवर विंडोज टाकू नका. बास.

एसएमपीएस

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं नुकसान झालंय. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला कॅबिनेटसोबत "फ्री" मिळालेला एसएमपीएस होता. मे महिना, दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा फट्ट असा आवाज आणि जळका वास. बोर्ड गेला आणि हार्ड डिस्कही गेली, तिच्यात वडलांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत.

तर दुकानात एसएमपीएस हातात घ्या. त्याच्या अंगावर स्टिकर असतो, त्यावर १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, प्रोसेसर आणि कार्डाला मिळणारा खरा दम एवढाच. चांगल्या ४५० च्या युनिटवर तिथं ३५-३६ च्या आसपास आकडा असतो. सोबत वीज कमी वाया जाते हे सांगणारा ८० प्लस ब्राँझचा शिक्का आणि बिलावर तीन ते पाच वर्षांची वॉरंटी. इथं दीड-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

आणि घरचं अर्थिंग तपासा. साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात सॉकेट तीन पिनचं होतं पण मागं अर्थिंगची वायरच नव्हती, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, आम्ही वर्षभर "कॉम्प्युटर शॉक मारतोय" म्हणत होतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधनं थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर तुमच्या बोटातनं. कॉम्प्युटर आणायच्या आधी वायरमनला बोलवा.

सोलापूरचा उन्हाळा आणि कॅबिनेट

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याची खोली असली तर आत त्याहून जास्त. समोर पूर्ण काच असलेलं कॅबिनेट दिसायला भारी, पण हवा आत येत नाही. जाळीवालं घ्या, पुढं एक आणि मागं एक असे दोन फॅन तरी पाहिजेत. डबा जमिनीवर ठेवू नका, धूळ तिथंच जास्त. पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येईल असं तर अजिबात नको, ओलावा आणि धूळ मिळून फॅनवर चिखलासारखा थर बसतो, आम्ही तो टूथब्रशनं काढलाय. दिवाळीत आणि उन्हाळ्याआधी, वर्षातनं दोनदा ब्लोअर मारून घ्या.

मॉनिटर २२ इंचाचा, फुल एचडी, आयपीएस. पोरांचे डोळे तासन् तास त्यावर असणार आहेत म्हणून स्वस्तातला जुना टीव्ही जोडू नका. ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, गेम खेळत राहायला नाही, लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून नीट बंद करता यावं एवढ्यासाठी.

खरेदी

प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेलं कोटेशन दोन-तीन दुकानातनं घ्या आणि ऑनलाइनशी ताडून बघा. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येणारे पण आहेत, पण दोन-तीन हजाराचाच फरक असला तर मी गावातल्या दुकानाला पसंती देईन, काही बिघडलं तर रिक्षानं जाता येतंय. सर्व्हिस सेंटर इथंच आहे का पार्सल करायला लागतंय ते विचारा. प्रोसेसर सीलबंद बॉक्सचाच मागा, "ट्रे"चा स्वस्त असतो पण त्याला कंपनीची वॉरंटी मिळत नाही. जीएसटीचं पक्कं बिल, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. "बिल नको, १८ टक्के वाचतील" याला हो म्हणू नका, वॉरंटी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

बजेट २० हजाराच्या आत असलं तर नवीन जोडण्यापेक्षा ऑफिसमधनं निघालेला आय५ ८५०० चा रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा, विंडोज ११ चालतं. फक्त बारका डबा घेऊ नका, त्यात एसएमपीएस कंपनीचाच वेगळ्या आकाराचा असतो आणि कार्डही बुटकंच बसतं.

जोडताना आणि पहिल्यांदा चालू करताना

दुकानात जोडत असतील तर पोरांना शेजारी उभं करा, त्यांना सगळं लक्षात राहतं. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, वरनं दाबायचा नाही, त्रिकोणाची खूण जुळली की आपसूक खाली बसतो. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर पट्ट्या प्रोसेसरपासनं दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एचडीएमआयची वायर बोर्डाच्या पोर्टला.

चालू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ दाखवत असेल तर एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग) चालू करा. मग विंडोजमध्ये १६ जीबीऐवजी १३-१४ दिसली तर फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, बाकीची ग्राफिक्सनं घेतलीय. दुकानातलं क्रॅक विंडोज नको, त्यासोबत काय येतंय ते कुणालाच माहीत नसतं. लायसन्सचे पैसे नसतील तर उबुंटू फुकट आहे, लिबरऑफिस फुकट आहे, मराठी टायपिंग त्यात होतं, फक्त व्हॅलोरंट त्यावर चालत नाही.

पहिल्याच संध्याकाळी अर्धा तास गेम लावून प्रोसेसरचं टेंपरेचर बघा. ७०-८० पर्यंत ठीक आहे, ९० च्या वर जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही, दुसऱ्या दिवशी दुकानात न्या. भाचीचा ९४ ला गेला होता, कूलरचा एक स्क्रू अर्धाच आवळलेला निघाला. तो नीट आवळून थर्मल पेस्ट नवीन लावली, आता ७२ च्या पुढं जात नाही. तिनं सगळे रिकामे बॉक्स माळ्यावर ठेवलेत आणि सीरियल नंबरचे फोटो मला पाठवून ठेवलेत.