जनसुनावणीला वही घेऊन जा

आमच्या वणी (जि. यवतमाळ) भागात खुल्या कोळसा खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागली, की लोक मंडपात ओरडतात आणि घरी येतात. मीही पहिल्यांदा तेच केलं. नोंद काय झाली? 'विरोध'. बस्स.

2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. ते कात्रण तारखेसकट जपा. पर्यावरण अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सारांशावर थांबू नका, सारांश गोडच असतो.

मी अहवाल शेवटाकडून वाचतो. आधी खाण बंद करण्याचा आराखडा: वरची सुपीक माती वेगळी कुठे रचणार, ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे) ढिगारे किती उंच, खड्डा किती बुजवणार आणि किती पाण्याखाली सोडणार, एस्क्रो खात्यात (खाण बंद करण्याच्या खर्चासाठी राखून ठेवलेलं खातं) दरवर्षी किती रक्कम ठेवणार. मग नकाशातले गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहा. एकदा आमचा नाला नकाशात वळवलेला सापडला, मजकुरात त्याचं नावही नव्हतं! जुन्या खाणीचा विस्तार असेल तर आधीच्या मंजुरीतल्या अटी किती पाळल्या याचा सहामाही अनुपालन अहवाल मागा. त्यात लावली म्हणून दाखवलेली झाडं शिवारात जाऊन मोजा.

हरकत लेखीच द्या, पान क्रमांकासह, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर उठू नका. तुमचा मुद्दा सुटला असेल तर सही होण्याआधीच हात वर करा.