खेळण्यातली गाडी खरी दिसावी म्हणून

१:२४ मापाची, म्हणजे खरीपेक्षा २४ पट लहान, सुपरहिरोची गाडी उडी मारून फार पटकन खाली येते, म्हणून व्हिडिओत ती खेळणंच वाटते. वजन जाणवायला वेग कमी हवा. त्यासाठी मापाच्या आकड्याचं (इथे २४) वर्गमूळ काढून, व्हिडिओ ज्या वेगाने चालवायचा त्या २४ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) गुणायचं: ४.९ गुणिले २४, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ फ्रेम. मोबाइलवर १२० फ्रेमवर शूट करा, एडिटिंगमध्ये २४ वर चालवा. १:६४ च्या छोट्या गाडीला १९२ लागतात.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/२४० सेकंद ठेवल्यावर उजेड कमी पडतो, शिवाय घरातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. त्यामुळे भर उन्हातच शूट करा. कॅमेरा जमिनीपासून ७ सेंमीवर हवा, १:२४ मापात माणसाचे डोळे तेवढ्याच उंचीवर येतात. पाणी मात्र टाळा. थेंबांचा आकार गाडीच्या मापाने लहान होत नाही.